‘होतंय की’ची तारीख काढायची कशी

कोल्हापुरात कुणालाही कामाचं विचारा, ‘होतंय की!’ हे उत्तर ठरलेलं. शिंपी देतो, गॅरेजवाला देतो, बांधकामाचा मुकादमही देतो. त्यात लबाडी नसते, बोलणाऱ्याला खरंच वाटत असतं की होईल. मोठ्या टेक कंपनीत हेच उत्तर ‘ऑन ट्रॅक’ असं नाव घेऊन येतं, आणि त्यामागची खरी तारीख काढणं हे सीनियर प्रोग्रॅम मॅनेजरचं मुख्य काम. बाकी मीटिंगा, तक्ते, रिपोर्ट ही त्यासाठीची अवजारं आहेत.

आधी पदाच्या नावाचा घोळ मिटवू. काय बनवायचं आणि कुणासाठी, हे प्रॉडक्ट मॅनेजर ठरवतो. कसं बनवायचं हे इंजिनिअर ठरवतात. पाच-दहा टीमचं काम (यालाच प्रोग्रॅम म्हणतात) एकमेकांत बसवून ठरल्या वेळी लोकांपर्यंत पोचवणं प्रोग्रॅम मॅनेजरकडे येतं. मायक्रोसॉफ्टमध्ये अनेक वर्षं ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ म्हणजे बव्हंशी प्रॉडक्ट मॅनेजरच असायचा, तर गूगल-मेटामध्ये ‘टेक्निकल प्रोग्रॅम मॅनेजर’ हे वेगळं पद आहे. म्हणून अर्ज करताना पदनाम वाचून थांबू नका, खालचं कामाचं वर्णन वाचा. आणि ‘सीनियर’ कशाने होतं? हाताखाली माणसं असतात म्हणून नव्हे, बहुतेक वेळा एकही नसतं. जी माणसं तुमची नाहीत, ज्यांचा वार्षिक आढावा तुमच्या हातात नाही, त्यांच्याकडून तारीख घ्यायची आणि ती पाळली जाईल असं बघायचं. ज्युनियरला प्रोग्रॅम ठरवून दिलेला असतो. सीनियरला नुसती अडचण दिलेली असते, प्रोग्रॅम कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेही त्यानेच आखायचं.

आता मुद्द्याचं. प्रोग्रॅम टीमच्या आत फारसा फुटत नाही, दोन टीमच्या मधल्या देवाणघेवाणीत फुटतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ज्यांनी चार दिवस काढलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. पॅटर्न (साचा ज्यावरून घेतात तो नमुना) एकाकडे, ओतकाम दुसऱ्याकडे, मशीनिंग तिसऱ्याकडे. फाउंड्रीवाला ‘कास्टिंग तयार आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात साच्यातून बाहेर निघालेला तुकडा असतो. मशीन शॉपच्या मनात ओतताना चिकटलेले जादा भाग (रनर-रायझर) कापलेला, घासून साफ (फेटलिंग) केलेला, हार्डनेस तपासलेला तुकडा असतो. शब्द एकच, पण दोघांच्या ‘तयार’मध्ये तीन-चार दिवसांचं अंतर. सॉफ्टवेअरमध्ये ‘एपीआय झाला’ या वाक्याची हीच गत आहे. (एपीआय म्हणजे एका टीमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या टीमच्या सॉफ्टवेअरला वापरता यावं यासाठीचा दुवा.) कोड लिहून झाला, की मुख्य कोडमध्ये मिसळला (मर्ज झाला)? स्टेजिंगवर (चाचणीच्या जागी) चालला, की प्रॉडक्शनवर (खऱ्या वापरात)? तुमच्या खात्याला परवानगी मिळाली का? कोटा, म्हणजे वापराची मर्यादा, किती? यातलं प्रत्येक उत्तर म्हणजे आणखी एक आठवडा असू शकतो.

त्यामुळे डिपेंडन्सीच्या, म्हणजे कुणाचं काम कुणावर अवलंबून आहे त्याच्या, तक्त्यातली एकेक ओळ कशी लिहिता यावर बरंच काही ठरतं. साधारण दिसणारी ओळ अशी असते: ‘पेमेंट टीम – रिफंड एपीआय – ऑक्टोबरअखेर – चालू आहे.’ या ओळीचा उपयोग शून्य. तीच ओळ अशी लिहा: ‘पेमेंट टीम रिफंड एपीआय स्टेजिंगवर देणार. तारीख बुधवार, १४ ऑक्टोबर. आपल्या टेस्ट खात्यातून १०० रुपयांचा रिफंड जाऊन त्याचा व्यवहार क्रमांक परत आला की मिळालं असं धरायचं. देणारी व्यक्ती एक, घेणारी व्यक्ती एक, दोघांची नावं. १४ ला आलं नाही तर २१ पर्यंत आपण खऱ्या एपीआयऐवजी नकली उत्तरं वापरून काम रेटू शकतो. २१ नंतरचा प्रत्येक दिवस लाँचची तारीख एक दिवस पुढे ढकलतो.’

या ओळीत बघा, ‘मिळालं’ हे घेणारा ठरवतो, देणारा नाही. टीमचं नाव नाही, माणसाचं नाव आहे, कारण टीमला फोन लावता येत नाही. आणि १४ ते २१ ही मधली मोकळी जागा उघड लिहिलेली आहे. ती लपवून ठेवायची सवय अनेकांना असते: समोरच्याला १४ सांगायचं आणि मनात २१ धरायचं. एकदा-दोनदा खपतं. मग समोरची टीम तुमच्या सगळ्याच तारखांमध्ये एक आठवडा मिळवून वाचायला लागते, आणि ज्या दिवशी तुमची तारीख खरोखरच अखेरची असेल त्या दिवशीही तेच करते.

सहा टीम आहेत आणि प्रत्येकीची वेळेत पूर्ण होण्याची शक्यता ९० टक्के आहे असं धरा. ऐकायला किती छान. पण सहाही वेळेत येण्याची शक्यता ०.९ चा सहावा घात, म्हणजे जेमतेम ५३ टक्के. दहा टीम असतील तर ३५. एकही टीम आळशी नाही, कुणी खोटं बोललेलं नाही, तरी लाँच हुकतं ते असं. (प्रत्यक्षात या शक्यता एकमेकींपासून सुट्या नसतात. एकच प्लॅटफॉर्म टीम तिघांना अडवून बसते. पण वरिष्ठांना धोका समजावून सांगायला एवढं गणित पुरतं.) यावर उपाय प्रत्येकाकडून ९५ टक्के मागणं हा नव्हे. डिपेंडन्सीच कमी करा. सहापैकी दोन पहिल्या टप्प्यातून बाहेर काढता येतात का, एखादी माणसाकडून हाताने भागवता येते का, हे आधी बघा. महिन्याला ४० रिफंड होणार असतील तर पहिले दोन महिने एक माणूस ते हाताने करू शकतो. चार हजार असतील तर नाही.

तारीख मागतानाही रीत आहे. ‘कधी होईल?’ विचारलं की मनातला सगळ्यात चांगला दिवस मिळतो. तीन प्रश्न विचारा: सगळं सरळ गेलं तर किती दिवस, बहुतेक वेळा किती लागतात, आणि वाईटात वाईट किती. उत्तरं १०, १५ आणि ३८ आली तर जुन्या पर्ट पद्धतीने, म्हणजे मधल्या आकड्याची चौपट करून दोन्ही टोकं मिळवायची आणि सहाने भागायचं, १८ येतात. ही पद्धत १९५८ ची, अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस प्रकल्पातली. पण मला त्या १८ पेक्षा ३८ मध्ये जास्त रस आहे. ‘३८ कशामुळे?’ विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते: ‘जुना डेटा हलवायचा आहे आणि त्यात काय आहे ते कुणाला माहीत नाही.’ मग पहिल्या आठवड्याचं काम ठरलं. त्या डेटातले हजारभर नमुने उघडून बघायचे.

हे झाले कामाचे दिवस, कॅलेंडरचे दिवस निराळे. सहा आठवडे म्हणजे ३० कामाचे दिवस. त्यातून इंजिनिअरचा ऑन-कॉलचा (बिघाड झाला तर धावायच्या पाळीचा) एक आठवडा गेला, उरले २५. सणाच्या सुट्ट्या आणि रजा मिळून ३ गेले, २२. राहिलेल्या दिवसांत मीटिंगा, कोड रिव्ह्यू, मुलाखती घेणं यात चौथा हिस्सा जातो असं धरलं तर साडेसोळा. ‘मला १८ दिवस लागतील’ म्हणणारा प्रामाणिक माणूस सहा आठवड्यांत अडकतो तो इथे. आराखड्याच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांचं ऑन-कॉलचं वेळापत्रक आणि रजा मागवून घ्या. बंगळूर, पुणे, हैदराबाद, डब्लिन, सिएटल, प्रत्येक ठिकाणच्या सुट्ट्या वेगळ्या.

शिवाय फ्रीझ. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग असतं आणि पाठोपाठ खरेदीचा हंगाम. अनेक कंपन्या तिथपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत प्रॉडक्शनमध्ये मोठे बदल करू देत नाहीत. म्हणजे ‘वर्षअखेरीस लाँच’ याचा खरा अर्थ नोव्हेंबरचा मध्य, आणि टप्प्याटप्प्याने सोडायला दोन आठवडे हवे असतील तर ऑक्टोबरची अखेर. प्रायव्हसी, सिक्युरिटी आणि कायदा विभागाचे रिव्ह्यू त्याच्याही आधी. यांच्याकडे रांग असते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळेच तिथे धावतात. डिझाइन कच्चं असतानाच त्यांना दोन पानांचं टिपण द्या: कुठला डेटा घेतो, कुठे ठेवतो, किती दिवस, कोण बघू शकतं. भारतातल्या वापरकर्त्यांचा डेटा असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, युरोपातला असेल तर जीडीपीआर. तयार झाल्यावर दाखवू म्हणणाऱ्यांना हमखास एक स्क्रीन पुन्हा बांधावी लागते.

साप्ताहिक स्टेटसबद्दल मी जरा कडक आहे. एक पान, वर तीन ओळी. पहिली: लाँचची तारीख काय आणि गेल्या आठवड्यापेक्षा बदलली का. दुसरी: रंग कुठला आणि का. तिसरी: वाचणाऱ्याकडून काय हवं, कुणाकडून, कधीपर्यंत. काहीच नको असेल तर ‘काही नको’ असं स्पष्ट लिहा. खाली हवं तेवढं तपशीलवार. आपल्या धंद्यात कलिंगड म्हणतात ते प्रकरण ठाऊक असेलच: बाहेरून हिरवं, कापलं की लाल. ते रंग देणाऱ्याच्या वाईटपणामुळे होत नाही, रंगाची व्याख्या नसल्यामुळे होतं. व्याख्या अशी करा की वाद घालायला जागाच उरू नये. हिरवा म्हणजे तारीख आहे तीच आणि आपल्याला कुणाची मदत नको. पिवळा म्हणजे तारीख धोक्यात आहे, पण परत आणण्याचा मार्ग माहीत आहे, त्यावर माणूस आणि तारीख लागलेली आहे. लाल म्हणजे मार्ग माहीत नाही किंवा तो आपल्या हातात नाही. या व्याख्येने लाल हा ठपका ठरत नाही, ‘वरच्यांनी आता हात घाला’ एवढाच निरोप ठरतो. सलग तीन आठवडे पिवळा राहिलेला मुद्दा मी आपोआप लाल धरतो. मार्ग खरंच माहीत असता तर एव्हाना हिरवा झाला असता.

एस्कलेशन (अडलेला मुद्दा वरिष्ठांकडे नेणं) म्हणजे चुगली, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. म्हणून ती फार उशिरा होते आणि मग खरंच चुगलीसारखी दिसते. रीत साधी आहे. आधी समोरच्याला सांगा: ‘आपल्या दोघांच्या प्राधान्यक्रमात भांडण आहे, ते आपण मिटवू शकत नाही. उद्या संध्याकाळी दोघांच्या साहेबांना एकच मेल पाठवू.’ मेल दोघांनी मिळून लिहायची, त्याची बाजू त्यानेच लिहायची. मजकूर असा: काय अडलंय, कधीपासून, पर्याय ‘अ’ घेतला तर कोण काय गमावतं, ‘ब’ घेतला तर काय, आमची शिफारस, आणि कुठल्या दिवसानंतर हा निर्णय निरुपयोगी होतो. हा शेवटचा दिवस लिहिला नाही तर मेलला उत्तर येतं, ‘चर्चा करू.’ झालं, गेला आठवडा.

आता लाँच. इथे कोल्हापूरकरांना एक गोष्ट जगापेक्षा जास्त कळते. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की सगळ्या गावाच्या तोंडी राजाराम बंधाऱ्याचे आकडे असतात: ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पाणी ४३ वर आल्यावर ‘याला धोका म्हणायचं का?’ अशी बैठक कुणी बोलवत नाही. आकडा आधी ठरलेला आहे, पुढे काय करायचं तेही ठरलेलं आहे. रोलआउटलाही, म्हणजे नवी सुविधा टप्प्याटप्प्याने लोकांना सोडण्यालाही, असंच हवं. नवी सुविधा एक टक्का लोकांना सोडण्याआधीच लिहून ठेवा: आत्ताचं एरर प्रमाण ०.२ टक्के, ०.४ ला इशारा, म्हणजे पुढचा टप्पा थांबवायचा. ०.८ ला धोका, म्हणजे ऑन-कॉलवाल्याने कुणालाही न विचारता फीचर फ्लॅग (ती सुविधा चालू-बंद करणारा खटका) बंद करायचा. ‘कुणालाही न विचारता’ हे शब्द लिहिलेलेच पाहिजेत. नाहीतर पहाटे तीन वाजता तो इंजिनिअर डायरेक्टरला उठवावं का या विचारात वीस मिनिटं घालवतो.

आकडे ठरवताना एक खड्डा असतो. एक टक्का म्हणजे तासाला दोन हजार विनंत्या येत असतील, तर ०.२ टक्क्याने चार चुका दिसणार. चाराच्या आठ निव्वळ योगायोगानेही होतात, आणि तुमचा इशारा उगाच वाजतो. म्हणून प्रमाणासोबत किमान संख्याही लिहा: ‘सलग दोन तास, आणि एकूण किमान तीस चुका.’ फार छोट्या टप्प्याला घाई करून काही कळत नाही, नुसतं बघून समाधान होतं.

टप्पे १, ५, २५, ५०, १०० असे सर्वसाधारण, पण प्रत्येकावर किती थांबायचं हे जास्त महत्त्वाचं. किमान २४ तास, कारण रात्री एकगठ्ठा चालणारी कामं (बॅच जॉब) दिवसा दिसत नाहीत. पैशाशी संबंधित काही असेल तर महिन्याची १ तारीख ओलांडल्याशिवाय १०० वर जाऊ नका, बिलिंग बहुधा त्या दिवशी चालतं. मोबाइल ॲप असेल तर गणित आणखी निराळं. ॲपलच्या टप्प्याटप्प्याच्या रिलीजमध्ये सात दिवसांचे आकडे ठरलेले आहेत: १, २, ५, १०, २०, ५० आणि १००. मध्ये थांबवता येतं, एकूण ३० दिवसांपर्यंत. पण थांबवलं म्हणजे मागे घेतलं असं नाही. ज्याच्या फोनवर नवी आवृत्ती गेली त्याच्याकडे ती राहणारच. गूगल प्लेवरही तसंच. म्हणून ॲपमधली प्रत्येक नवी गोष्ट सर्व्हरवरच्या फ्लॅगमागे ठेवायची, ॲप आधी सगळ्यांपर्यंत जाऊ द्यायचं आणि मगच फ्लॅग उघडायचा.

आणि रोलबॅकची, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची, रंगीत तालीम. ‘रोलबॅक आहे’ हेही एक ‘होतंय की’च. नव्या कोडने डेटाबेसमध्ये नव्या पद्धतीची नोंद लिहिली आणि जुन्या कोडला ती वाचता येत नसेल, तर मागे जायचा रस्ता पहिल्याच मिनिटाला बंद झालेला असतो. लाँच करायचं की नाही हे ठरवणाऱ्या गो/नो-गो बैठकीत एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: ‘शेवटचा रोलबॅक कधी करून बघितला, कुठे, किती मिनिटं लागली?’ उत्तरात तारीख आणि मिनिटं नसतील तर नो-गो. काही बिघडलंच तर कायद्याची घड्याळंही चालू होतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार भारतात सायबर घटनेची माहिती सहा तासांत द्यावी लागते, जीडीपीआरखाली वैयक्तिक डेटा फुटला तर ७२ तासांत. ती कुणी कळवायची, हे नाव लाँचच्या कागदावर आधीच असू द्या.

कोल्हापुरात बसून हे काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं सिएटल उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. राजारामपुरीत रात्री आठ वाजले की तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेसहा, आणि साडेसहाला कुणी कॅमेरा लावत नाही. अमेरिकेची घड्याळं उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, युरोपची शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे भारत, युरोप, अमेरिका तिघांना बसणारी मीटिंग हमखास कुणाच्या तरी जेवणावर येते. २०२६ मध्ये अमेरिकेची घड्याळं १ नोव्हेंबरला मागे जातात आणि ८ तारखेला लक्ष्मीपूजन आहे, म्हणजे फराळाच्या आठवड्यातच सगळ्या मीटिंगा तासभर उशिरा सरकणार. मीटिंगचं निमंत्रण कुठल्या टाइम झोनमध्ये तयार केलं आहे तेवढं तपासा. पॅसिफिक वेळेत असेल तर सरकेल, भारतीय वेळेत असेल तर सिएटलकरांची सरकेल.

शुक्रवारी संध्याकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शनिवारी पहाटे येतं, आणि सोमवारी दुपारपर्यंत तिकडे रविवार असतो, पुढे संध्याकाळपर्यंत मध्यरात्र नि पहाट. म्हणून आपल्यासाठी निर्णय घेण्याचा शेवटचा दिवस गुरुवार. प्रश्नही असा लिहायचा की उत्तर एका फेरीत मिळावं: ‘तुमचं मत काय?’ असं नको, ‘उद्या तुमच्या सकाळी दहापर्यंत हरकत आली नाही तर पर्याय ब धरून पुढे जातो’ असं.

वीज आणि इंटरनेटचं सगळ्यांना माहीत आहे: घरच्या फायबरशिवाय दुसऱ्या कंपनीचं मोबाइल डेटा कार्ड, आणि राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस, कारण वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होतानाच्या त्या एका झटक्यातही राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये लाँच असेल तर दुसऱ्या शहरातला एक माणूस पर्यायी म्हणून नेमा, त्याला फ्लॅग बंद करण्याचे सगळे अधिकार द्या आणि एकदा करायला लावा. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं तेव्हा ‘पुण्याच्या ऑफिसात जाऊन बसतो’ हा पर्यायच उरला नव्हता.

लाँच १०० टक्क्यांवर गेलं की सगळे पांगतात, आणि जुना फ्लॅग कोडमध्ये तसाच राहतो. दोन वर्षांनी कुणीतरी तो चुकून बंद करतो आणि कुणालाच न आठवणारा जुना मार्ग जिवंत होतो. तेव्हा डिपेंडन्सीच्या तक्त्यात शेवटची ओळ हीच टाका: फ्लॅग काढणार कोण, लाँचनंतर कितव्या दिवशी, आणि ‘काढला’ असं कधी म्हणायचं. ही ओळ बंद होईपर्यंत प्रोग्रॅमही बंद करू नका. विचारलं तर उत्तर येईलच, ‘होतंय की!’